भोक दर वेळी मोठंच का पडतं? मॉडेल विमानाच्या इंजिनासाठी ड्रिल आणि मापाची अवजारं

खान्देशात मॉडेल विमानांचा नाद असलेली मंडळी फार नाहीत, पण जी आहेत त्यांच्याकडून एक तक्रार हटकून ऐकू येते. ३.२ मिलिमीटरचं ड्रिल लावून इंजिन माउंटला (इंजिन ज्यावर बसवतात त्या आधाराला) भोक पाडलं, आणि एम-३ चा, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीचा स्क्रू त्यात डुगडुगतोय. कुणी उलट्या बाजूने सांगतो: व्हर्निअरवर (सरकत्या जबड्यांच्या मापपट्टीवर) भोक २.९५ दाखवत होतं म्हणून ३.१ चं ड्रिल फिरवलं, आता ३ ची पिन सैल झाली. कुणाच्या क्रँककेसचे (इंजिनाच्या मुख्य खोक्याचे) आटे दोन-तीनदा स्क्रू काढून लावला की चुरा होऊन बाहेर येतात. मग नवा ड्रिल सेट येतो, त्यातलं त्याच आकाराचं ड्रिल लावलं जातं आणि पुढचं भोक पहिल्यासारखंच पडतं.

दोष कुठे आहे हे पाहायच्या आधीच ड्रिल बदललं जातं, म्हणून हे पुन्हा पुन्हा होतं. तीन गोष्टी तपासायच्या असतात: ड्रिलचं खरं माप, ते धरणारा चक, आणि पडलेलं भोक आपण मोजतो कशाने. तिसऱ्या गोष्टीने भोक बदलत नाही, पण आपण पुढे काय करायचं ते तीच ठरवते. तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो. म्हणून सुरुवात तिथून करू.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. पॉइंट ४६ (०.४६ घन इंच) म्हणून जे इंजिन आपल्याकडे बऱ्याच जणांकडे असतं, ते जेमतेम ७.५ सीसीचं. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) २२ मिलिमीटरच्या आसपास, आणि ते मिनिटाला १२,००० फेरे आरामात मारतं. विहिरीवरच्या पंपाच्या कामात ०.१ मिलिमीटर कुणी विचारत नाही. इथे ०.१ म्हणजे आटे टिकणार की सुटणार, एवढा फरक.

व्हर्निअरचे आतले जबडे

व्हर्निअरच्या वरच्या बाजूला जे दोन छोटे टोकदार जबडे असतात, ते भोक मोजायला दिलेले आहेत. मोठ्या भोकाला ते चालतात. लहान भोकात ते नेहमी कमी माप दाखवतात, आणि हा दोष व्हर्निअर महागातला असला तरी राहतो. कारण साधं आहे. जबड्याची कडा सुरीसारखी दिसली तरी तिला थोडी सपाट पट्टी असते. भोक गोल, पट्टी सपाट. त्यामुळे जबडा भोकाच्या भिंतीला मधोमध टेकत नाही, पट्टीच्या दोन कोपऱ्यांवर टेकतो, आणि आपण व्यासाऐवजी त्याहून थोडी आखूड रेघ मोजतो.

आकड्यात बघा. पट्टी अर्धा मिलिमीटर रुंद असेल तर १० च्या भोकात चूक फक्त ०.०१ ची. ६ च्या भोकात ०.०२. ३ च्या भोकात ०.०४, म्हणजे नेमकं ३.०० चं भोक २.९६ दिसेल. २ च्या भोकात चूक ०.०६ च्या पुढे जाते. त्यात जबडे जरा तिरके धरले गेले की आणखी भर पडते. आता वरची तक्रार पुन्हा वाचा: भोक २.९५ दिसलं म्हणून ३.१ फिरवलं. ते भोक आधीच बरोबर होतं.

डिजिटल व्हर्निअरने यातलं काही सुधारत नाही. पडद्यावर ०.०१ पर्यंत आकडा दिसतो म्हणून माप तेवढं खरं असतं असं नाही. साध्या डिजिटल व्हर्निअरची स्वतःची चूकच ०.०२ ते ०.०३ असू शकते, आणि सेल उतरला की शून्य सरकतं ते वेगळंच. ५० भागांचा, ०.०२ लघुतम मापाचा साधा व्हर्निअर नीट सांभाळलेला असेल तर मी त्यावर जास्त विसंबेन. पण ६ मिलिमीटरच्या खालचं भोक दोन्हीपैकी कशानेही मोजू नये, हे माझं ठाम मत आहे.

मग मोजायचं कशाने? पिनेने. कारखान्यात यासाठी पिन गेजचे पूर्ण संच असतात, ते छंदासाठी घ्यायची गरज नाही. जळगावात प्लास्टिकचा धंदा मोठा: ठिबकचे पाइप, चटया, मोल्डिंगचे कारखाने. जिथे मोल्ड तिथे टूलरूम, आणि जिथे टूलरूम तिथे इजेक्टर पिना. मोल्डमधून तयार माल बाहेर ढकलणारी ही पिन कडक केलेली आणि घासून नेमक्या मापाला आणलेली असते. तुटलेल्या किंवा आखूड कापलेल्या पिना टूलरूमच्या कोपऱ्यात पडलेल्या असतात, ओळखीत मागितल्या तर कुणी नाही म्हणत नाही. २, २.५, ३, ३.५, ४, ५, ६ अशा जमवा. निडल बेअरिंगचे जुने रोलरही याच कामाचे. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये मोडीत निघालेल्या बेअरिंगमधून न झिजलेले वेचून घ्या. प्रत्येक पिन मायक्रोमीटरने मोजायची, माप कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पिनेसोबत छोट्या पिशवीत ठेवायचं. अधलीमधली मापं हवी असतील तर ड्रिल उलटं करून त्याची सपाट दांडी भोकात घालून बघा. दांडीही आधी मोजून घ्या, कारण ती बऱ्याचदा धारेपेक्षा बारीक असते.

भोकाच्या तोंडाशी बर (धातूची उठलेली कड) असेल तर पिन तिथेच अडते आणि भोक लहान आहे असं वाटतं. त्यामुळे आधी मोठ्या ड्रिलने हाताने एक गिरकी देऊन बर काढा, किस फुंकरीने नाही तर ब्रशने झाडा, मग पिन घाला. ३.०० ची पिन स्वतःच्या वजनाने सरकते आणि ३.०५ ची अडते, एवढं कळलं की भोक कुठे आहे ते तुमच्या हातात आलं. पिन जाते पण उजेडात धरल्यावर तिच्याभोवती तीन ठिकाणी फट दिसते, असं असेल तर भोक गोल नाही, तिकोनी पडलंय. पातळ पत्र्यात हे सर्रास होतं. पत्रा दोन लाकडी फळकुटांमध्ये किंवा जाड ॲल्युमिनियमच्या तुकड्यांमध्ये आवळून आरपार भोक पाडलं की बरंच सुधारतं.

मायक्रोमीटर एकच घ्यायचा तर शून्य ते २५ मिलिमीटरचा, ०.०१ लघुतम मापाचा. दर वेळी मोजण्याआधी स्वच्छ कागदाचा कपटा दोन्ही तोंडांमध्ये हलका धरून ओढून काढा, धूळ त्याला लागून निघते. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ किती बारीक असते ते वेगळं सांगायला नको. मग रॅचेट (टोकाची, ठरावीक दाबाला घसरणारी मूठ) फिरवून शून्य बघा. थिंबल (आकडे असलेली फिरती नळी) धरून आवळणारा माणूस प्रत्येक वेळी वेगळं माप काढतो, म्हणून फिरवायचं ते रॅचेटच.

ड्रिल मोजायचं ते टोकाशी

ड्रिलवर ३.२ लिहिलंय म्हणजे ते ३.२ असेलच असं नाही, पण चूक बहुधा आपण समजतो त्याच्या उलट दिशेला असते. चांगल्या कंपनीचं नवं ड्रिल लिहिलेल्या मापाच्या थोडं खालीच बनवलेलं असतं. ३ ते ६ मिलिमीटरमध्ये नेहमीच्या प्रमाणानुसार ते जास्तीत जास्त ०.०१८ ने लहान असू शकतं, मोठं मात्र नाही. म्हणजे भोक ३.३५ पडलं तर ड्रिल जाडं होतं हा तर्क क्वचितच खरा ठरतो.

मोजायची जागा महत्त्वाची. ड्रिलच्या पिळाच्या कडेला जी अरुंद चकचकीत पट्टी असते, तिच्यावर, अगदी टोकाच्या कोपऱ्यांशी मायक्रोमीटर लावायचा. दांडीकडे ड्रिल मुद्दाम किंचित निमुळतं केलेलं असतं, भोकात घासू नये म्हणून. मधोमध मोजाल तर कमी भरेल.

माप बरोबर आणि तरी भोक मोठं, तर धार बघा. दोन धारांपैकी एक लांब आणि एक आखूड असली की टोक मधोमध राहत नाही, आणि लांब धार जेवढी बाहेर जाईल तेवढं भोक मोठं होतं. हाताने ग्राइंडरवर धार लावलेल्या ड्रिलचं हे दुखणं नेहमीचंच. ओळखायची खूण अशी: ॲल्युमिनियममध्ये ड्रिल चालू असताना किस दोन्ही नाळींतून सारखा वर यायला हवा. एकाच नाळीतून लांब गुंडाळी येतेय आणि दुसरीतून नुसता चुरा, तर धारा समान नाहीत. ३ च्या खालचं ड्रिल बोथट झालं तर त्याला हाताने धार लावत बसू नका, नवं घ्या.

आणखी एक गोष्ट फसवते. ॲल्युमिनियम धारेला चिकटतं. टोकाला रुपेरी गोळा दिसला की ते ड्रिल आता स्वतःच्या मापाचं राहिलेलं नाही. रॉकेलचा एक थेंब यावर जुना आणि खात्रीचा उपाय, रॉकेल नसेल तर डिझेल किंवा डब्ल्यूडी फॉर्टी. पितळेची गोष्ट वेगळी: स्प्रे बार (कार्ब्युरेटरमधली इंधनाची नळी) किंवा बुश असं पितळी काम असेल तर तीक्ष्ण ड्रिल धातूत एकदम घुसतं, काम हातातून उडतं. तिथे धारेच्या पुढच्या तोंडावर तेलाच्या दगडाने अगदी बारीक सपाट कड काढली की ड्रिल शांतपणे कापतं. ते ड्रिल मग पितळेसाठीच राखून ठेवा.

चक डोलतो तेव्हा

एमआयडीसीतले जुने लेथवाले ड्रिल हातात घ्यायच्या आधी चककडे बघतात. अशाच एका आप्पांचं अहिराणीतलं वाक्य मी अनेकांना सांगतो: “ड्रिल बराबर शे भाऊ, चक डोली ऱ्हायना.” म्हणजे ड्रिल बरोबर आहे, चक डोलतोय.

तपासायला इजेक्टर पिन पुन्हा कामाला येते. ४ किंवा ५ ची पिन चकमध्ये धरा, मॅग्नेटिक स्टँडवर डायल (काट्याचं मापयंत्र) लावा, काटा पिनेला टेकवा आणि मशीन बंद ठेवून चक हाताने फिरवा. पूर्ण फेऱ्यात काटा ०.०५ च्या आत हलला तर आपल्या कामाला मशीन चांगलं. ०.१५ च्या पुढे गेला तर त्या मशीनवर लहान भोक नेमकं पडेल ही अपेक्षा सोडा. चकच्या जबड्यांत अडकलेला किस, टेपरमध्ये गेलेली घाण आणि एकाच भोकातून किल्लीने आवळलेला चक ही नेहमीची कारणं. चकला किल्लीची तीन भोकं असतात, तिन्हींमधून आळीपाळीने आवळलं की डोलणं बऱ्याचदा निम्म्यावर येतं. एवढं करूनही काटा हलतच राहिला तर मशीनच्या बेअरिंगकडे बघावं लागेल. हातातल्या ड्रिल मशीनने क्रँककेसला किंवा माउंटला हात लावू नका. त्याचा डोल मोजायचीसुद्धा गरज नाही.

दोष चकचा की ड्रिलचा, हे भोकच सांगतं. पिन तोंडाशी सैल आणि आत गेल्यावर घट्ट लागत असेल, तर ड्रिल सुरुवातीला भटकलं: चक डोलत होता किंवा खूण नीट नव्हती. वरपासून खालपर्यंत सारखंच सैल असेल, तर धारा असमान आहेत. एवढी एक तपासणी केली तरी निम्मे नवे ड्रिल सेट विकत घ्यायचे वाचतील.

भटकणं टाळायला नुसत्या पंचवर विसंबू नका. पंचच्या खुणेनंतर आखूड, जाड सेंटर ड्रिलने थोडा खळगा पाडा, मग खरं ड्रिल. इंजिनाचे कान माउंटवर ठेवून भोकं उतरवायची असतील तर कानाच्या भोकात अलगद बसणारं ड्रिल आधी घ्या, त्याने फक्त खळगा पाडा, इंजिन बाजूला काढा आणि मग आट्यांच्या मापाचं ड्रिल लावा. ३ च्या भोकाला आधी २ चं पाडायची सवय मात्र सोडा. मधला धातू गेला की ड्रिलचं टोक अधांतरी राहतं, धारा थरथरतात आणि भोक कोनाकोनाचं होतं.

जिथे भोक खरोखर नेमकं हवं, म्हणजे बुश, गजन पिन (पिस्टनची पिन), डॉवेल (जागा धरणारी पिन), तिथे ड्रिलने शेवट करूच नका. ६ साठी ५.८ चं ड्रिल आणि मग ६ एच-७ चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं अवजार). एच-७ म्हणजे भोक ६.००० ते ६.०१२ च्या मध्ये येणार. रीमर हळू, तेल किंवा रॉकेल घालून, एकाच दिशेने फिरवत आत आणि फिरवतच बाहेर. उलटा फिरवला तर धारेची वाट लागते.

आणि पहिल्या तक्रारीचं उत्तर राहिलंच. एम-३ चा स्क्रू ३.२ च्या भोकात हलणारच, तो हलावा म्हणूनच ते माप दिलेलं आहे. आरपार जाणाऱ्या एम-३ साठी ३.२ हे घट्टातलं माप, सर्वसाधारण ३.४. एम-४ साठी ४.३ आणि ४.५. स्क्रू इंजिनाला दाबून धरतो, जागेवर नेमकं बसवायचं काम त्याचं नाही. जागा नेमकी हवी असेल तर दोन डॉवेल पिना द्या.

आटे टिकत नाहीत

हा या सगळ्यातला सगळ्यात महागात पडणारा भाग, कारण इथे नुकसान क्रँककेसचं होतं.

मेट्रिक आट्यांचं गणित सोपं आहे: स्क्रूच्या व्यासातून पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वजा करा. एम-३ ची पिच ०.५, म्हणून ड्रिल २.५. एम-४ ची पिच ०.७, ड्रिल ३.३. एम-२ ला १.६, एम-२.५ ला २.०५, एम-३.५ ला २.९. या मापांवर आट्याची पूर्ण खोली नाही, सुमारे ७७ टक्के मिळते, आणि ॲल्युमिनियमला तेवढी पुरते. आता एम-३ साठी भोक २.५ ऐवजी २.६ पडलं तर खोली ६२ टक्क्यांवर येते. २.७ पडलं तर ४६. धारेला चिकटलेलं ॲल्युमिनियम आणि डोलणारा चक मिळून ०.१ ते ०.२ सहज खातात. टॅप (आटे पाडायचं अवजार) मारताना हाताला हलकं लागतं, माणूस खूश होतो, आणि बॅकप्लेटचा (क्रँककेसच्या मागच्या झाकणाचा) स्क्रू तिसऱ्यांदा आवळताना आटे सुटतात.

म्हणून टॅप करायच्या भोकाला आधी त्याच धातूच्या रद्दी तुकड्यात एक भोक पाडून पिनेने मोजा. एम-३ साठी २.५ ची पिन जायला हवी, २.६ च्या ड्रिलची दांडी अडायला हवी. अडली नाही तर २.४ चं ड्रिल घेऊन बघा. छापील तक्ता ड्रिलचं माप सांगतो, आपल्याला भोकाचं माप हवंय.

दुसरा घोळ इंच आणि मेट्रिकचा. जपानी इंजिनाचे बरेच स्क्रू मेट्रिक असतात, पण प्रोपेलरचा आटा इंची असू शकतो. अमेरिकी किटमधलं माउंट ६-३२ किंवा ४-४० मागतं (पहिला आकडा जाडीचा नंबर, दुसरा एका इंचातले आटे). ६-३२ चा स्क्रू ३.५ जाडीचा, एम-३.५ ही तेवढाच. हार्डवेअरच्या दुकानातून नुसतं जाडी बघून आणलेला स्क्रू दोन आटे सरळ जातो आणि मग अडतो, कारण ६-३२ ची पिच ०.७९ आणि एम-३.५ ची ०.६. तिथे जोर लावला की माउंट गेलं. आटे मोजायचं गेज नसेल तर स्टीलच्या पट्टीवर स्क्रू ठेवून १० मिलिमीटरमध्ये किती आटे बसतात ते मोजा: एम-३ ला २०, एम-३.५ ला सतराला थोडे कमी, ४-४० ला साधारण पावणेसोळा, एम-४ ला चौदाच्या जरा वर, ६-३२ ला साडेबारा.

इंची आराखड्यात ड्रिलचे नंबर दिलेले असतात, आणि ते आपल्याकडच्या दुकानात सहसा मिळत नाहीत. नंबर वाढला की ड्रिल बारीक होतं: १ नंबर ५.७९ मिलिमीटरचं, ८० नंबर ०.३४ चं. त्याच्या वर ए ते झेड अक्षरं, ५.९४ ते १०.४९. हा संच शोधत फिरू नका. १ ते ६ मिलिमीटर, ०.१ च्या पायऱ्यांनी, एवढी ड्रिलं असली की जवळजवळ सगळं भागतं. ६-३२ च्या टॅपला ३६ नंबर सांगितलेलं असतं, ते २.७०५, म्हणजे आपलं २.७. ४-४० ला ४३ नंबर, २.२६, २.२५ चं मिळालं तर घ्या, नाहीतर २.३. २-५६ ला ५० नंबर, १.७८, म्हणून १.८. १/४-२८ या प्रोपेलरच्या आट्याला ३ नंबर, ५.४१, आपलं ५.४.

ग्लो प्लगचा (सिलिंडरमधलं इंधन पेटवणाऱ्या प्लगचा) आटा १/४-३२. त्याला ड्रिल ७/३२ इंच, म्हणजे ५.५६ मिलिमीटर. भुसावळला रेल्वेत आयुष्य घालवलेले फिटर याला पावणेदोन सूत म्हणतील, आणि ते तंतोतंत बरोबर आहे: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. मेट्रिकमध्ये ५.५ किंवा ५.६ दोन्ही चालतात, ५.५ ला टॅप जरा जड जातो. एम-६ चा बारीक आट्याचा टॅप दिसायला जवळचा वाटतो, तो या भोकात कधीही घालू नका. प्लग आधीच शेवटपर्यंत बसत नसेल तर ड्रिल-टॅप करायच्या आधी भोकात साचलेलं, इंधनातलं जळकं एरंडेल काढा. मेथॅनॉलमध्ये भिजवून, लाकडी काडीने, आणि आसपास ज्योत-ठिणगी नसताना. बऱ्याच प्लगचं दुखणं तिथेच संपतं.

मे महिन्यात मोजताना

मापांचा जगभरचा करार २० अंश सेल्सिअसचा आहे. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. २२ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा भाग उन्हात ठेवलेल्या खोक्यातून काढून लगेच मोजला आणि तो मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असला, तर माप ०.०१ ने जास्त भरतं. माउंटच्या भोकाला याने काही होत नाही. पिस्टन आणि लायनरच्या (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीच्या) बाबतीत मात्र ०.०१ हा सगळा खेळ आहे. पिस्टन झिजला की नाही हे त्याच्यावर ठरतं.

उपाय अगदी साधा. काम आणि मायक्रोमीटर एकाच लोखंडी प्लेटवर, सावलीत, तासभर शेजारी शेजारी ठेवा. मोजायचं सकाळी. मायक्रोमीटर तळहातात घट्ट धरून बसू नका, त्याला प्लास्टिकच्या पट्ट्या दिलेल्या असतात तिथेच बोटं ठेवा. आज मोजलेलं माप गेल्या महिन्याच्या मापाशी ताडायचं असेल तर वहीत मापाशेजारी तापमानही लिहा.

प्रोपेलरचं भोक

प्रोपेलरच्या भोकाला आपल्याकडे कुणी मापाचं काम समजत नाही, आणि धोका सगळ्यात जास्त तिथेच आहे. इंजिनाचा शाफ्ट १/४ इंच, म्हणजे ६.३५, आणि हाताशी ड्रिल ६.५ चं. चालतंय की, म्हणून तेच फिरवलं जातं. नायलॉनच्या पंख्यात ड्रिल एकदम ओढलं जातं, भोक तिरकं किंवा एका बाजूला जातं. समजा तसं काही झालं नाही, तरी पंखा शाफ्टवर ०.०७५ मिलिमीटर एका बाजूला बसू शकतो. २० ग्रॅमचा पंखा १२,००० फेऱ्यांवर एवढ्याशा सरकण्याने जवळजवळ पाव किलोची ओढ निर्माण करतो, आणि ती ओढ सेकंदाला २०० वेळा गरागरा फिरते. टाकीतल्या इंधनाला त्याने फेस येतो, इंजिनाला हवा जास्त आणि इंधन कमी मिळतं, ते तापतं, आणि इंधन कमी-जास्त करणारी निडल कितीही फिरवली तरी सूर लागत नाही. कार्ब्युरेटर खोलायच्या आधी पंख्याचं भोक बघा.

यासाठी पायऱ्यांचा प्रोपेलर रीमर मिळतो. त्याचा बारीक भाग मूळ भोकात बसून दिशा धरतो आणि पुढचा भाग कापतो. तो हाताने, मागच्या बाजूने, हळू फिरवायचा. पंख्यासोबत प्लास्टिकच्या रिंगा आल्या असतील तर त्याच वापरा, भोक मोठं करूच नका. रीमर झाल्यावर बॅलन्सरवर ठेवा आणि जड पात्याच्या पाठीमागून हलका सँडपेपर मारा, मधल्या गाभ्यातून धातू-प्लास्टिक काही काढू नका.

भोक मोठं झालेला पंखा टेप गुंडाळून बसवू नका. गाभ्यात केसाएवढी चीर दिसली तरीही तो मोडून टाका, म्हणजे दुसरा कुणी उचलून लावणार नाही. आणि इंजिन चालू असताना पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना, कुणाला उभं राहू देऊ नका, मुलांना तर मुळीच नाही.